माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ: दुरुस्त करायचा की विकायचा?

कोकणात गावच्या घरात व्हॉल्व्हचा (म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, ट्रान्झिस्टरच्या आधीचा) बंद रेडिओ सापडला की कोणीतरी काका हमखास सांगतात, "त्येका काय्येक झाला नाय, निसतो व्हॉल गेलोहा." आणि तेवढ्यात कोणीतरी उत्साही भाचा वायर शोधून प्लगला लावायला निघतो. या दोन्ही गोष्टी थांबवायला हा लेख लिहितोय. विजेवर चालणाऱ्या सेटमध्ये व्हॉल्व्ह हे बंद पडायचं कारण बऱ्याचदा नसतंच, आणि असलं तरी तो बदलून मिळतो. दुरुस्ती करायची का विकायचा हे ठरतं ते तीन गोष्टींवर: ट्रान्सफॉर्मर शाबूत आहेत का, कॅबिनेट-डायल-नॉब पूर्ण आहेत का, आणि घरात तो खरंच कोणी ऐकणार आहे का. रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र असलेलं मोठं कपाट) असो, जुना लाउडस्पीकरचा अँप्लिफायर असो, हिशोब तोच.

प्लगला लावू नका, गणपतीत तर अजिबात नाही

वीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या सेटमध्ये काय होतं ते समजून घ्या. आत मेणात बुडवलेले कागदी कंडेन्सर (वीज साठवणारे, डीसी अडवणारे छोटे पार्ट) असतात, ते दमट होऊन लीक व्हायला लागतात. त्यातला एक कंडेन्सर आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या) ग्रिडला, म्हणजे करंटवर ताबा ठेवणाऱ्या जाळीला, जोडलेला असतो, तो लीक झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि पाच-दहा मिनिटांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधला) गरम होऊन जळतो. दुसरीकडे पॉवर सप्लायचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकून नाहीतर शॉर्ट होऊन बसलेले असतात, ते रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) आणि मेन ट्रान्सफॉर्मर (विजेच्या वायरकडचा) दोन्ही घेऊन जातात. म्हणजे दोनशे-चारशे रुपयांच्या कंडेन्सरमुळे जी वस्तू सहज मिळत नाही ती जळते, आणि रेडिओ "दुरुस्त होईल" मधून "भंगार" मध्ये जातो, तेही "लागतो का बघूया" म्हणताना.

आपल्याकडे यात आणखी एक गोची आहे. चाकरमानी घरी येतात गणपतीला, घर उघडतं तेव्हा, आणि तेव्हा हवा खूप दमट असते. पावसाचे महिने बंद घरात राहिलेला सेट, ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्येसुद्धा ओल शिरलेली, आणि आपण नेमकं त्या आठवड्यात चालू करायला जातो. निर्णय गणपतीत घ्या हवं तर, फोटो काढा, चौकशी करा, पण वीज लावायचं काम डिसेंबर ते मे मध्ये.

आधी विचारा: आहे कोणाचा?

हसू नका, हे पण काम आहे. आजोबांनी घेतलेला रेडिओ, घर सामाईक, आणि तुम्ही तो विकलात की शिमग्याला कोणीतरी विचारणारच, आमचा रेडिओ खयं गेलो? जमिनीच्या सात-बाऱ्यावर नाव नसलेली माणसंसुद्धा रेडिओवर हक्क सांगतात. भावकीच्या ग्रुपवर फोटो टाका, "दुरुस्तीचा खर्च कोण देतंय" असं विचारा. बहुतेक हक्क तिथेच संपतात.

सुकवणं आणि उघडणं

वायर कुरतडलेली असेल तर प्लगकडून कापूनच टाका, मोह नको. रेडिओ उन्हात ठेवू नका, लाकडी कॅबिनेटचा विनीर (वरचा पातळ लाकडी पापुद्रा) जुन्या सरसाने चिकटवलेला असतो तो उचलतो आणि मग फुगे येतात. कोरड्या खोलीत, कपाटात जवळ ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून आठ-दहा दिवस ठेवा. बल्ब कॅबिनेटला टेकवायचा नाही आणि घरात कोणी नसताना लावून जायचं नाही.

मग मागचं कव्हर काढा. कोकणात आत काय सापडेल सांगता येत नाही: पालीची अंडी, ट्रान्सफॉर्मरवर कुंभारीण माशीचं मातीचं घर, उंदराने केलेला कापसाचा बिछाना, आणि वाळवी. वाळवी दिसली तर रेडिओ घराबाहेर काढा, खालची फळी बोटाने दाबून बघा, बोट आत गेलं तर कॅबिनेट संपलं. मऊ ब्रशने कोरडी धूळ काढा, मास्क लावून. काही सेटमध्ये व्हॉल्व्हच्या वर उष्णतेसाठी करड्या रंगाचा जाड पुठ्ठा असतो तो अॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तो खरवडायचा नाही. आणि डायलची काच आतून पुसू नका! स्टेशनांची नावं काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात, ओलं फडकं नाहीतर काच पुसायचा स्प्रे मारला की सिलोन, दिल्ली, लंडन सगळं फडक्यावर येतं. अशी पुसून कोरी झालेली डायल असलेले सेट बाजारात पडून राहतात.

काही काढायच्या आधी फोटो, कुठल्या सॉकेटमध्ये कुठला व्हॉल्व्ह ते स्पष्ट दिसेल असा.

व्हॉल्व्हवरचं पहिलं अक्षर वाचा

हे एक अक्षर खूप काही सांगतं. युरोपियन पद्धतीचे नंबर असलेले व्हॉल्व्ह आपल्याकडच्या फिलिप्स, मर्फी, बुश वगैरे सेटमध्ये भरपूर दिसतात, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही असे व्हॉल्व्ह बनवलेत.

ई ने सुरू होणारे, म्हणजे ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० वगैरे: हीटर (व्हॉल्व्हच्या आत तापणारी तार) ६.३ व्होल्टचे. घरच्या रेडिओत हे दिसले की साधारणपणे आत मेन ट्रान्सफॉर्मर असतो. दुरुस्तीला सगळ्यात बरा प्रकार, त्यातल्या त्यात सेफ पण.

यू ने सुरू होणारे, यूसीएच ८१, यूसीएल ८२, यूवाय ८५: हे एसी/डीसी सेट. हीटर एकामागे एक सिरीजमध्ये, गणपतीतल्या जुन्या लायटिंगच्या माळेसारखे, एक गेला की सगळे काळोखात. "पूर्ण डेड आहे" म्हणून लोक टाकून देतात तो सेट कधीकधी एवढ्याच कारणाने डेड असतो. पण इथे धोका मोठा आहे, कारण यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि विजेची एक वायर सरळ चेसिसला, म्हणजे पार्ट बसवलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेली असते. दोन पिनचा प्लग उलटा लागला की अख्ख्या चेसिसवर २३० व्होल्ट. नॉब पडलेला असेल आणि त्या दांड्याला हात लावलात, किंवा तळाच्या स्क्रूला, तर शॉक थेट. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला घराच्या वायरिंगपासून वेगळं ठेवतो) उघडा चालू करायचाच नाही, मेकॅनिककडे तो नसेल तर दुसरा मेकॅनिक.

डी ने सुरू होणारे, डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६: हे बॅटरीचे सेट. आपल्याकडे वाड्यांवर वीज उशिरा आली त्यामुळे गावातल्या घरात असे सेट निघायची शक्यता शहरापेक्षा जास्त. फिलॅमेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) साधारण दीड व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला ९० व्होल्टची मोठी ड्राय बॅटरी लागायची, ती बॅटरी आता दुकानात मिळत नाही म्हणून लोक सेट मेलेला धरतात. खरं तर ९ व्होल्टच्या दहा छोट्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की ९० व्होल्ट होतात. पण सर्किट बघितल्याशिवाय जोडू नका, ९० ची वायर चुकून फिलॅमेंटला लागली तर सगळे व्हॉल्व्ह एका झटक्यात जातात, आणि विजेच्या बोर्डाला तर असा सेट लावायचाच नाही. इथे मात्र काकांचं "व्हॉल गेलो" खरं असू शकतं, या व्हॉल्व्हची फिलॅमेंट फार नाजूक.

व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूला चंदेरी डाग असतो, त्याला गेटर म्हणतात. तो चंदेरी किंवा काळपट असेल तर ठीक, दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह संपला. एवढं बघायला मीटरसुद्धा लागत नाही.

मीटरने थंड तपासणी

चारपाचशेचा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. सगळं वीज न लावता, ओहमवर. सेट बराच काळ बंद आहे म्हणून मोठ्या कंडेन्सरमध्ये चार्ज नसणारच, पण कोणी "बघूया" म्हणून नुकताच लावला असेल तर ते २५० व्होल्ट आत बसलेले असतात, ते १० किलोओहमच्या पाच वॅटच्या रेझिस्टरने आधी उतरवायचे.

मेन ट्रान्सफॉर्मर (असेल त्या सेटला): प्लगच्या दोन पिनांमध्ये, रेडिओचा स्विच ऑन ठेवून. साधारण २० ते ६० ओहम दाखवलं तर प्रायमरी आहे. काहीच दाखवत नसेल तर लगेच निराश होऊ नका, वायर, फ्यूज, स्विच, व्होल्टेज निवडायची पट्टी यातलं काहीही गेलं असेल, थेट ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर बघा. मग रेक्टिफायरच्या दोन अॅनोडच्या पिनांवर (ईझेड ८० ला १ आणि ७) एकेक करून चेसिसपर्यंत मोजा, काही शे ओहम आणि दोन्हीकडे जवळपास सारखं पाहिजे. ट्रान्सफॉर्मरला जळका वास येत असेल, मेण-डांबर खाली ओघळलं असेल तर आकडे कितीही छान येवोत, संशय धरा, कारण आतले शॉर्ट झालेले वेढे साध्या मीटरवर कळत नाहीत.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर: हा छोटा, बहुतेक स्पीकरवरच बसवलेला. खाऱ्या दमट हवेत हा जास्त जातो असं माझं मत बनलंय, आणि त्याला कारण पण आहे. प्रायमरीची तार अगदी बारीक, त्यावर सतत डीसी व्होल्टेज, त्यात ओल शिरली की तांबं आतल्या आत हिरवं पडून तुटतं. प्रायमरी काही शे ओहम पाहिजे, ओपन असेल तर आवाज बंद असायचं कारण मिळालं. हा बदलता येतो, पण ताकदीचा आणि जोडणीचा मेळ घालून, कुठलाही लावून चालत नाही.

स्पीकर: एक वायर सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा, "टक" आवाज आला तर कॉइल ठीक. कागदी कोन बोटाने हळू दाबा, घासला तर मॅग्नेटच्या फटीत गंज. कोनला बुरशी, छोटी भोकं चालतात, पातळ कागद आणि फेव्हिकॉलने भागतं.

एरियल कॉइल: ही कोणी तपासत नाही. आपल्याकडे एरियलची तांब्याची तार माडाला बांधायची पद्धत होती, आणि जूनच्या सुरुवातीला नाहीतर ऑक्टोबरात वीज चमकली की त्या तारेतून झटका थेट कॉइलमध्ये. एरियल आणि अर्थच्या सॉकेटमध्ये मीडियम वेव्हवर बऱ्याच सेटमध्ये काही ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर कॉइल उडालेली असू शकते, पण काही सेटमध्ये मध्ये कंडेन्सर असतो, तेव्हा सर्किट बघून ठरवा.

व्हॉल्व्हचे हीटर: नऊ पिनवाल्या बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये पिन ४ आणि ५ मध्ये. पिन खालून बघत, गॅपपासून घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. ओपन म्हणजे व्हॉल्व्ह गेला.

बँड स्विचवर (मीडियम-शॉर्ट वेव्ह बदलायच्या) गंज सोडवायचा स्प्रे मारू नका, काँटॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो तो थोडासा वापरायचा. गँग, म्हणजे ट्यूनिंगचा तो पात्यांचा कंडेन्सर, त्याची पाती वाकलेली नाहीत ना एवढं बघा.

आता निर्णय

ट्रान्सफॉर्मर दोन्ही ठीक, आयएफच्या कॉइल (आत स्टेशन वेगळं करणाऱ्या, पत्र्याच्या डबीतल्या) ठीक, कॅबिनेट उभं आहे: दुरुस्ती शक्य, आणि बहुतेक काम कंडेन्सर बदलायचं. ट्रान्सफॉर्मर गेला पण बाकी सगळं पूर्ण: तुमचा त्या रेडिओवर जीव असेल तरच दुरुस्त करा. आपल्याकडे पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे गल्लोगल्ली आहेत, त्यातला एखादा हुशार माणूस मेन ट्रान्सफॉर्मर भरून देतो, पण वेढे मोजून, आणि आधी कधी हे केलंय का ते विचारून. कॅबिनेट वाळवीने खाल्लंय, डायल फुटलीय: दुरुस्ती सोडा, पार्टसाठी विका. डायलची काच, मूळ नॉब, मागचं कव्हर या तीन वस्तू बाजारात सुट्ट्या मिळणं नशिबाचा खेळ, आणि मेकॅनिक नेमकं याबद्दल बोलत नाही कारण त्याला आवाजाशी मतलब.

सगळ्यात महत्त्वाचं आणि लोकांना न पटणारं: विकण्यासाठी दुरुस्त करू नका. समजा न चालणारा पण पूर्ण सेट ४००० ला जातोय. दुरुस्तीला ३५०० गेले आणि चालू सेट ६५०० ला गेला, तर हातात राहिले ३०००, म्हणजे हजाराचा तोटा वर रत्नागिरी-कोल्हापूरच्या खेपा आणि मेकॅनिकचे "पुढच्या सोमवारी या". छंद असलेला खरेदीदार स्वतःच दुरुस्त करणार असतो, त्याला कोणीही हात न लावलेला सेट जास्त आवडतो. आणि आता किनाऱ्यावर एक दुसरं गिऱ्हाईक तयार झालंय, होमस्टे आणि हॉटेलवाले, त्यांना ओटीवर ठेवायला शोभेचा रेडिओ पाहिजे, चालतो का हे ते विचारतही नाहीत. त्यांना देताना प्लग कापून द्या, नाहीतर एखादा पाहुणा हौसेने लावेल.

लाउडस्पीकरवाल्यांचे जुने व्हॉल्व्ह अँप्लिफायर निघाले तर ते भंगारात किलोवर घालू नका. त्यातले मोठे आउटपुट ट्रान्सफॉर्मर ऑडिओच्या नादी लागलेल्या लोकांना हवे असतात आणि ईएल ३४, ईसीसी ८३ असे व्हॉल्व्ह आजही परदेशात नवे बनतात. म्हणून हे दुरुस्त पण होतात आणि तसेच विकले पण जातात. पण यात व्होल्टेज रेडिओपेक्षा खूप जास्त असू शकतं, नवशिक्याने आत हात घालायचा नाही. रेडिओग्रामचं उलट, वस्तू देखणी, पण एवढं धूड न्यायला टेम्पो लागतो, त्यामुळे भाव अर्धा वाहतूक खाते. जवळचंच गिऱ्हाईक बघा.

ऐकण्यासाठी दुरुस्त करताय? मग आधी एक साधा ट्रान्झिस्टर घेऊन त्याच खोलीत मीडियम वेव्ह फिरवून बघा काय लागतं. मीडियम आणि शॉर्ट वेव्हवर पूर्वीएवढी स्टेशनं राहिलेली नाहीत, आणि एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर मात्र भरपूर. दुरुस्तीनंतर खरखर ऐकून मेकॅनिकशी भांडण्यात अर्थ नाही. ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटला मागे ग्रामोफोन पिकअपचं सॉकेट असेल तर तिथे मोबाईलची गाणी जोडून घेता येतात, तो आवाज ऐकला की खर्च वसूल वाटतो. यू व्हॉल्व्हवाल्या सेटला मोबाईल जोडायचा नाही, कारण वर लिहिलंय.

मेकॅनिकशी बोलताना

खेड-चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत व्हॉल्व्हचं काम केलेले लोक आता वयाने सत्तरीच्या आसपास, मिळाले तर नशीब समजा आणि घाई करू नका. पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतात, ते तुम्ही आणून देऊ शकता.

विचारायचं ते एवढं. सगळे कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलणार का फक्त गेलेला? "फक्त गेलेला" म्हणाला तर सहा महिन्यांनी परत तेच. कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे पॉलिस्टर, पॉवर सप्लायला ४५० व्होल्टचे, आणि विजेच्या दोन वायरींमध्ये असेल तिथे एक्स-२ प्रकारचाच (थेट विजेवर वापरायला बनवलेला). पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर, म्हणजे सेटच्या वाटेत बल्ब जोडूनच, करणार ना? बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर बरं, भगभगीत राहिला तर आत शॉर्ट, लगेच बंद. रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून डायोड टाकणार असेल तर सोबत रेझिस्टर टाकायला सांगा, नाहीतर व्होल्टेज वाढतं आणि नवे कंडेन्सर ताणात येतात. व्होल्टेजची पट्टी २२० वर असेल तर २४० वर करून घ्या, गावात रात्री व्होल्टेज चढतं. काढलेले जुने पार्ट पिशवीत परत मागा. आणि आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतो असं म्हणाला तर चेसिस कुजलेली असेल तरच हो म्हणा.

विकायचं ठरलं तर

पॉलिश करू नका, वॉर्निश तर नकोच. फोटो: समोरून, मागचं कव्हर काढून, व्हॉल्व्हचे नंबर, तळ, डायल, आणि जिथे तुटलंय तिथला जवळून. मागचा कंपनीचा कागद, खरेदीची पावती, पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं तर तेही ठेवा, घेणाऱ्याला त्याची फार हौस असते. लिहिताना सरळ लिहा, "वीज लावून बघितलेला नाही." मीटरचे आकडे घेतले असतील तर टाका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे एवढ्या एका ओळीने दोन खरे खरेदीदार जास्त येतात.

भाव ठरवताना ऑनलाइन मागितलेल्या किमती बघून हुरळू नका, त्या मागितलेल्या असतात, मिळालेल्या नाही. तीन-चार लोकांकडून आकडा घ्या, त्यात एक चोर बाजारातला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातला असू दे, तो सगळ्यात कमी सांगेल, तो तुमचा तळ. आणि कोणी न बघता लगेच हो म्हणाला आणि "क्यूआर कोड स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही की पिन टाकावा लागत नाही.

पाठवताना घाटाची वळणं लक्षात ठेवा, आंबा असो की फोंडा. व्हॉल्व्ह काढून प्रत्येकाला सॉकेटचा नंबर लिहून वेगळे गुंडाळा. नॉब, स्क्रू एका डबीत आणि ती डबी कॅबिनेटच्या आतच बांधा. चेसिसचे खालचे स्क्रू घट्ट आहेत ना बघा, सुटी चेसिस आत आपटली की पहिली डायल फुटते. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये सीलबंद करताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बॉक्सवर "काच" असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि एसटी पार्सल असो की लक्झरी, टपावर जाऊ देऊ नका.